ड्रोनचं नंतर बघू, आधी गाणं लॉक कर

प्रश्न: ताई नमस्कार. मी बार्शीचा, वय 24. दिवसा आडत दुकानात हिशोब लिहितो, रात्री गाणी करतो. एक गाणं केलंय 3 मिनिटं 48 सेकंदांचं, शब्द मित्राचे, चाल आणि आवाज माझा. पोरगी शिकायला पुण्याला जाते आणि पोरगा गावात मागं राहतो अशी स्टोरी आहे. बीट, म्हणजे मागचं तयार संगीत, यूट्यूबवरनं घेतलाय, फ्री होता. आता व्हिडिओ करायचाय. 70 हजार जमलेत, त्यातले 30 आत्यानं दिलेत. लग्नाचं शूटिंग करणारा एक दोस्त आहे, कॅमेरा, गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारा दांडा), ड्रोन सगळं त्याचंच. तो म्हणतो एका दिवसात काढू, राजगड, समुद्र, एसटी स्टँड, पाऊस, बुलेट, भरपूर स्लोमोशन, बाकी एडिटला बघू. हिरोईन 15 हजार मागतीये. दाजींना व्हिलन व्हायचंय. लिंक पाठवतोय. आत्याचे पैसे बुडू नयेत एवढंच, सुरुवात कुठनं करू?

उत्तर: भावा, गाणं ऐकलं आणि गाणं चांगलंय, उगाच तोंडदेखलं नाही सांगत. 0:48 ला जी हलगी घुसते ना ती तू बीटच्या वरनं वाजवून घेतलीयेस हे लगेच कळतं, आणि गाण्यात तुझ्या गावचं असं काही असेल तर ते तेच आहे. ते डोक्यात ठेव, पुढं लागणार आहे.

आता तुझ्या दोस्ताचं ते "एडिटला बघू". मी एडिटिंगला बसते त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझं डोकं दुखायला लागतं. असल्या शूटचं काय येतं माहितीये का आमच्या टेबलावर, एक हार्डडिस्क, त्यात हिरो पाठमोरा चालतोय असे गिंबलचे ढीगभर शॉट, ड्रोन वर जातोय, ड्रोन खाली येतोय, हिरोईन ओढणी उडवतीये, आणि अख्खा मुखडा ओठ हलवत म्हटलाय असा टेक एकच, त्यातही मागनं कुत्रं चाललंय. मग एडिटर काय करणार, ते चालणंच चार ठिकाणी वापरणार. बघणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला कळतं की ह्यांच्याकडं काही नाहीये आणि बोट वर सरकतं. एडिटला फक्त निवडता येतं रे, जे काढलंच नाही ते तिथं उगवत नाही.

म्हणून सुरुवात कॅमेऱ्यापासनं नाही करायची, गाण्यापासनं करायची, आणि त्यातही आधी ते गाणं तुझं आहे का हे बघ. तो "फ्री" बीट. खाली डिस्क्रिप्शनमध्ये काय लिहिलंय ते नीट वाच. बहुतेक ठिकाणी फ्री म्हणजे पैसे न कमावता वापरायला फ्री, कमाई चालू करायची तर लायसन्स विकत घ्यावं लागतं. त्यात पण स्वस्तातलं लीज, म्हणजे एकच बीट अनेकांना विकतात ते लायसन्स, घेतलंस तर तोच बीट आणखी कितीतरी पोरांनी घेतलेला असतो, त्यातला एखादा आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचं गाणं कुठं वाजलं ते ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकतो आणि मग तुझ्या व्हिडिओवर त्याचा हक्काचा दावा, म्हणजे क्लेम, येतो. बीट बनवणाऱ्याला मेल टाक, लायसन्स घे, पावती जपून ठेव. नाहीतर सरळ गावातल्या कीबोर्डवाल्याकडनं नवीन अरेंजमेंट करून घे, हलगी तुझ्याकडं आहेच.

शब्द मित्राचे आहेत ना, मग त्याच्याशी कागद कर. आज दोस्ती आहे, गाणं चाललं की बघायचं काय होतं ते. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी लागतो, तोंडी काही चालत नाही. आणि त्या कागदात किती वर्षांसाठी हे लिहिलं नाहीस तर 5 वर्षंच धरतात, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नाहीस तर फक्त भारत धरतात. दोन ओळींचं काम आहे, लिहून टाका. चहा पीत करा पण करा.

मग गाणं लॉक कर. लॉक म्हणजे मिक्सिंग, मास्टरिंग सगळं होऊन फायनल फाईल हातात, आणि त्यानंतर कुणीही, अगदी तू स्वतःसुद्धा, त्याला हात लावायचा नाही. शूट झाल्यावर पोरं म्हणतात जरा स्लो वाटतंय, थोडा टेम्पो वाढवू, आणि टेम्पो वाढला की सगळं लिपसिंक, म्हणजे ओठ आणि गाणं जुळणं, गेलं चुलीत. जे काय वाढवायचं ते आत्ता वाढव.

आता खरं काम. एक वही घे, तू हिशोब लिहितोस त्यामुळे तुला हे जड जायचं नाही, चार रकाने पाड: वेळ, ऐकू काय येतं, दिसणार काय, कुठं काढायचं. आणि गाणं थांबवत थांबवत सेकंदाच्या हिशोबानं भरत जा. तुझ्या गाण्याचं मी ऐकता ऐकता उतरवलं ते असं: 0:00 ते 0:16 नुसती बासरी, 0:16 ला मुखडा, 0:48 ला हलगीचा पीस, 1:06 ला पहिला अंतरा, 1:36 ला परत मुखडा आणि 1:52 ला दुसरा अंतरा. आता बासरीच्या 16 सेकंदांत काय दिसतं? गाण्यात नाव, गाव, माणसं ओळखीची करून द्यायला एवढीच जागा आहे, तिथं जर ड्रोनमधनं डोंगर दाखवलास तर त्या डोंगराचा आणि त्या पोराचा काय संबंध. त्यापेक्षा दुकानाचं शटर वर जातंय, हातावर तुरीची धूळ, वहीचं पान उलटतंय, बाहेरनं तिची स्कूटी जाते आणि ह्याची बेरीज चुकते. चार शॉट. काम झालं. हलगीच्या पीसला मात्र नुसते चेहरे नको, तिथं काहीतरी घडलं पाहिजे, धावणं, हमालांनी पोती फेकणं, एसटीच्या मागं पळणं, कारण हलगी वाजताना माणूस शांत बसलेला बघवत नाही.

हिशोब बघ. 3:48 म्हणजे 228 सेकंद. सरासरी तीन सेकंदाला एक कट धरला तरी 76 शॉट लागतात. एका दिवसात 76 कामाचे शॉट, एकाच गावात असशील तर मरमरून होतील. राजगड आणि समुद्र धरून? अरे बार्शीहून राजगड म्हणजे पुणं ओलांडून पुढं, खाली पायथ्याच्या गुंजवणे गावात पोचलास तर वर चढायला अडीच-तीन तास, लाईटच्या पेट्या कुणाच्या खांद्यावर? आणि समुद्र त्याच्या पलीकडं, घाट उतरून. तुझा दोस्त एका दिवसात म्हणतोय म्हणजे त्यानं नकाशा उघडलेला नाही.

शिवाय राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे, त्यात जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यातला हा एक. तिथं शूटला राज्याच्या पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा वगैरे केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं येतात, तिथलं वेगळं. "आम्ही असंच जाऊन काढतो" म्हणणारे भेटतील, भेटू देत. ड्रोनचं पण तेच. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी होऊन नंबर मिळालेला पाहिजे, 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर चालवणाऱ्याकडं रिमोट पायलटचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागातसुद्धा, साधारण 400 फुटांच्या वर न्यायचा नाही. दोस्ताला विचार कागद आहेत का. असतील तर एक शॉट घे, एसटी गावाबाहेर पडते तो, त्याला वरनं बघण्यात अर्थ आहे. नसतील तर ड्रोन घरी ठेव, गाण्याचं काही अडत नाही.

जागा कमी झाल्या म्हणून व्हिडिओ गरीब दिसतो हे डोक्यातनं काढ. 2006 मध्ये अमेरिकेतल्या ओके गो बँडनं आठ ट्रेडमिल मांडले, एक खोली, जागेवर उभा केलेला एकच कॅमेरा, आणि चौघांनी एका सलग टेकमध्ये त्यावर नाच केला, बसवला कुणी तर गायकाच्या बहिणीनं. 2007 चं ग्रॅमी मिळालं त्या व्हिडिओला. पैसा कुठं दिसतोय त्यात? तालीम दिसते.

तर तुझ्या जागा तीन: आडत दुकान, घराची गच्ची, एसटी स्टँड. सगळं बार्शीत. दुकान बाजार समितीच्या सुट्टीच्या दिवशी घे, नाहीतर सौद्याच्या गोंगाटात तुझं गाणं कुणाला ऐकू येणार, आणि मालकाला आधी विचार, हमालांना चहापाणी नाही तर सरळ दिवसाची हजेरी दे, ती माणसं फ्रेममध्ये काम करणार आहेत. एसटी स्टँड महामंडळाची जागा, आगारात जाऊन लेखी अर्ज कर आणि फी किती ते विचार. नाही जमलं तर गावाबाहेरचा एखादा विनंती थांबा बघ, माझ्या मते तो जास्तच चांगला दिसेल, एक झाड, एक बाकडं आणि रिकामा रस्ता.

पाऊस काढून टाक. कॅमेऱ्यात पाऊस दिसायला मागनं लाईट मारावा लागतो, नाहीतर माणूस नुसता ओला दिसतो, पाऊस दिसतच नाही. आणि बार्शीत उन्हाळ्यात टँकर मागवून पाऊस पाडायला गेलास तर लोक तुलाच धुतील.

आता शूटच्या दिवसाचं, आणि इथंच नवीन पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. गाणं सेटवर मोठ्यानं वाजलं पाहिजे. मोबाईलच्या स्पीकरवर नाही, गणपतीत लावतात तसा एखादा बरा स्पीकर आण. फायनल गाण्याचे तुकडे करून ठेव, मुखडा वेगळा, अंतरा वेगळा, आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी तालात चार टिकटिक टाक म्हणजे तुला कुठं सुरू करायचं ते कळतं. प्ले दाबायला एक माणूस फक्त त्याच कामाला ठेव. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालू राहू दे, कितीही घाण येत असला तरी, कारण एडिटला त्या आवाजावरनंच फायनल ट्रॅक जुळवतात. आणि ओठ नुसते हलवू नको रे बाबा, खरोखर गा, मोठ्यानं. गळ्याची शीर दिसते, श्वास दिसतो, खोटं गाणं लगेच पकडलं जातं.

स्लोमोशन. तुला ओठ पण जुळायला पाहिजेत आणि बाकी सगळं तरंगत पण पाहिजे, बरोबर? त्याची युक्ती जुनी आहे. एडिटची टाईमलाईन सेकंदाला 25 फ्रेमची, म्हणजे 25 चित्रांची, असेल तर शूट 50 फ्रेमनं करायचं, सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि तू दुप्पट वेगानं म्हणायचं. मग टाईमलाईनवर तो शॉट निम्म्या वेगाला आणला की ओठ गाण्यावर बसतात आणि केस, ओढणी, धूळ सगळं हळू. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 'येलो' गाण्याचा 2000 सालचा व्हिडिओ असाच केलाय, इंग्लंडमध्ये स्टडलँडच्या किनाऱ्यावर. प्लॅन अख्ख्या बँडचा होता, पण नेमका त्याच दिवशी ड्रमरच्या आईचा अंत्यविधी, हवा पण बिघडलेली, शेवटी एकटा गायक ओल्या वाळूवरनं गात चालतोय एवढाच सलग शॉट राहिला. आता तो सगळ्यांच्या लक्षात आहे. तू हे फक्त मुखड्याच्या पहिल्या दोन ओळींना कर, कारण तुझा अंतरा आधीच फास्ट आहे, त्याच्या दुप्पट वेगानं म्हणायला गेलास तर जीभ चावशील. घरी आरशासमोर चार दिवस प्रॅक्टिस कर आणि दुप्पट वेगाची फाईल आधीच बनवून ने, सेटवर ॲप शोधत बसू नको.

दोस्ताला आणखी दोन गोष्टी सांग, त्याला माहीत असतील पण सांग. एक, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दुकानातल्या ट्यूबलाईट आणि एलईडीखाली 25 फ्रेम आणि कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंद ठेवायचं, 50 फ्रेमला 1/100, नाहीतर चित्रात लाईट फडफडतो आणि तो नंतर काढता काढता जीव जातो. दोन, मध्येच मोबाईलवर एखादा शॉट घेऊ म्हणत असाल तर मोबाईल मनानं फ्रेमरेट वरखाली करतो, ओठ हळूहळू सरकत जातात, म्हणून गायचे शॉट मोबाईलवर नकोत. बाकी कटवेजना, म्हणजे मध्ये मध्ये घालायच्या न गाणाऱ्या शॉटना, चालेल.

आणि प्रत्येक जागेवर गाण्याचा त्या जागेचा तुकडा पूर्ण घ्यायचा, आधी लांबनं, मग कमरेपासनं, मग फक्त चेहरा. तीनही वेळा सलग. हे झाल्याशिवाय कुणीही गिंबल उचलायचं नाही. कंटाळवाणं आहे, पण एडिटर त्यावरच जगतो. घेताना चेहरा जमेल तेवढा मध्यात ठेवा, म्हणजे त्याच शॉटमधनं रीलसाठी उभी फ्रेम पण निघते, परत शूट करायला नको.

हिरोईनच्या 15 हजारात घासाघीस करू नको. अर्धा व्हिडिओ तिच्या चेहऱ्यावर चालणार आहे, ड्रोनला पैसे द्यायला तयार आणि तिला द्यायला कचरतोस हे काही बरोबर नाही. निम्मे आधी दे, निम्मे पॅकअपला, त्याच दिवशी. काय काय करायचं आहे, कुठले कपडे, किती वाजता सुटणार हे तिला आधी लिहून पाठव आणि सेटवर ऐनवेळी "जरा जवळ ये ना" असलं काही वाढवायचं नाही. कपडे बदलायला दार लागणारी खोली पाहिजे, ती सोबत कुणाला आणत असेल तर त्या माणसाचं जेवण तुझ्याकडं. आत्याला बोलव की, पैसे तिचे आहेत, येऊन बसेल, आणि बाईमाणूस असलं की पोरं पण नीट वागतात.

पैशाचं मी असं मांडलं असतं: हिरोईन 15, कॅमेरा आणि भाड्याची लेन्स 12, लाईट आणि लाईटवाले दादा 10, गाडी, जेवण, हमालांची हजेरी मिळून 9, एडिट आणि कलरचं (चित्राचे रंग नीट जुळवण्याचं) 8, मेकअप-कपडे 6. झाले 60. उरलेले 10 हजार कपाटात ठेव आणि शूटच्या दिवशी कितीही मोह झाला तरी काढू नको. पहिला कट बघितल्यावर नक्की दोन-तीन शॉट कमी पडलेले कळतात, तेव्हा अर्ध्या दिवसाचं पॅच शूट करायला हे पैसे लागतात. बीटचं लायसन्स किंवा नवीन अरेंजमेंट याच्या बाहेरचं धर, ते शूटच्या आधी तुझ्या पगारातनं भागव, घाई नाहीये.

दाजी. तुझ्या स्टोरीत व्हिलन आहेच कुठं? पोरगी शिकायला चाललीये, कुणी पळवून नाही नेत. उगाच मिशी पिळणारा माणूस मध्ये घातलास तर गाण्याचा रागरंगच बदलतो. दाजींना एसटीचा कंडक्टर कर, डबल बेल द्यायचा तो शॉट त्यांचा, क्लोजअपसकट. खूश होतील. आणि घरात भांडण नको म्हणून सांगते, हे तू नको, आत्याला सांगायला लाव.

शूटच्या आधी एक काम फुकटात होण्यासारखं आहे ते अजिबात टाळू नको. वहीतलं सगळं एका रविवारी मोबाईलवर काढ, हिरोईनच्या जागी भाऊ उभा कर, एसटीच्या जागी टेम्पो, काहीही चालेल, आणि ते गाण्यावर बसवून बघ. कच्चा व्हिडिओ. कुणाला दाखवायचा नाही. पण कुठं कंटाळा येतोय, कुठला शॉट लांबलाय, कुठं नुसतंच चालणं सुरू आहे हे असं उघडं पडतं की विचारू नको. दोस्ताला पण तोच दाखव, मग त्याच्या डोक्यातलं "बघू" आपोआप जाईल. वहीतले बदल कर, मग तारीख ठरव.

फसण्याची एक जागा मला आत्ताच दिसतीये. पहिल्या अंतऱ्यापर्यंत सगळ्यांना सुचतं, दुसऱ्याला आयडिया संपलेल्या असतात, मग पहिलेच शॉट उलटे फिरवून लावतात. तुझ्या गाण्यात तिथं ती गेलेली आहे, पोरगा एकटा, आणि तुझ्या मित्रानं शब्द पण तिथंच सगळ्यात चांगले लिहिलेत. वही भरून झाली की पानांचे फोटो काढून मला पाठव. सगळं नको, 1:52 च्या पुढं काय लिहिलंयस तेवढं.